संध्याकाळी चार ते सहा : पूर्व भागातल्या एका घराचं प्रकरण

चार वाजले की अव्वा उठते, पदर खोचते आणि दाराच्या कडीला हात घालते. "पानं आणायची आहेत, कारखाना बंद होईल." विडी कारखाना सोडून तिला चौदा वर्षं झाली आहेत. त्याच वेळी सून सुपासमोर बसलेली असते. हजारातल्या सहाशे विड्या झालेल्या, चारशे बाकी. सून उठली तर चारशे राहतात, नाही उठली तर अव्वा रस्त्यावर.

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या अंगाला, दोन खोल्यांचं घर. अव्वा, म्हणजे सासू, ७१ वर्षांची. तिला स्मृतिभ्रंश, म्हणजे हळूहळू वाढत जाणारा विसरण्याचा आजार आहे. मुलगा टॉवेलच्या मागावर सकाळी आठ ते रात्री आठ. सून घरी विड्या वळते, नात दहावीत. धाकटा मुलगा भिवंडीला मागावर, तो जमेल तसे पैसे पाठवतो. लेक विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहते. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू आणि मराठी, शाळेत मराठी. हे एकच घर नाही. अशा घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

६० वर्षांवरच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासातून पुढे आला. यातल्या बहुतेकांची काळजी घरातच घेतली जाते, आणि घरात म्हणजे एकाच बाईच्या अंगावर. या घरातही तसंच होतं.

आधी दवाखाना, मग माणसं

घरच्यांनी दोन वर्षं "वय झालं" म्हणत काढली. मदतीला माणसं शोधण्याआधी निदान करून घ्यावं लागतं, कारण विसरण्याची काही कारणं दुरुस्त होण्यासारखी असतात. बी-१२ची कमतरता, थायरॉइड मंदावणं, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, शरीरातलं सोडियम घटणं. कानात घट्ट मळ असला तरी माणूस भलतीच उत्तरं देतो आणि घरच्यांना वाटतं, डोकं गेलं. मेडिकलमधून परस्पर आणलेली सर्दी-खाजेवरची गुंगीची गोळीही म्हाताऱ्या मेंदूत गोंधळ घालते. अव्वा ती गोळी झोपेसाठी रोज घ्यायची, आणि हे कुणी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. म्हणून नियम एकच. घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्यायच्या, मलमं आणि काढेसुद्धा.

छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी सिव्हिलमध्ये, पहिल्या फेरीला मुलगा एकटाच अव्वाला घेऊन गेला. तपासणी मराठीत झाली. आज कोणता वार, कोणता महिना, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करा. अव्वाला मराठी समजतं, पण ती विचार करते तेलुगूत, आणि तिला लिहिता-वाचता येत नाही. ३० पैकी ११ गुण आले. दुसऱ्या फेरीला लेक बरोबर होती. निरक्षर माणसांसाठी बनवलेल्या हिंदी चाचणीतले प्रश्न तिने तेलुगूत करून विचारले आणि गुण आले १७. सहा गुणांचा हा फरक बराचसा भाषेचा आणि लिहिता-वाचता न येण्याचा. नातेवाइकाने दुभाषा व्हावं हे आदर्श नाही, कारण लेक नकळत उत्तर सुचवते. त्यामुळे डॉक्टरांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, प्रश्न फक्त एकदा विचारायचा आणि डोळ्यांनीही मदत करायची नाही. सोलापुरात तेलुगू, कन्नड, दख्खनी बोलणारी म्हातारी माणसं पावलोपावली आहेत. केसपेपरवर "घरची भाषा" हा रकाना नसेल तर पेनाने वर लिहून न्यावी.

रक्ताच्या तपासण्या आणि डोक्याचा सीटी स्कॅन झाला. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. कान साफ केले. झोपेची ती गोळी बंद झाली. तीन महिन्यांनी अव्वा दिवसा जास्त जागी राहू लागली, हाक मारली की वळू लागली, पण विसरणं राहिलंच. निदान झालं अल्झायमर आणि त्याच्या जोडीला मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचा आजार. नाडी आणि ईसीजी पाहून डोनेपेझिल ही गोळी ५ मिलिग्रॅमने सुरू केली. पहिल्या पंधरवड्यात मळमळ आणि पातळ जुलाब झाले, तेव्हा गोळी रात्रीच्या जेवणानंतर द्यायला लागले आणि ते निवळलं. ही गोळी आजार थांबवत नाही, काही काळ रोजचं वागणं सावरते. हे घरच्यांना पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगावं. नाहीतर दोन महिन्यांनी "फरक नाही" म्हणून गोळीही सुटते आणि दवाखानाही.

कुलूप

दवाखान्यातल्या चौथ्या भेटीत सून हळूच बोलली. सकाळी विड्या जमा करायला आणि पानं-तंबाखू आणायला कारखान्यात जावं लागतं, जाऊन-येऊन ४० मिनिटं. नात शाळेत, नवरा मागावर. अव्वाला आत ठेवून ती बाहेरून कुलूप लावायची.

यावर उपदेश करणं सोपं आहे. आत गॅस आहे, पाणी येण्याच्या दिवशी भरलेली पिंपं आणि ओली फरशी आहे, आग लागली तर दार उघडणार कोण. सगळं खरं आहे. पण कुलूप काढा म्हणणाऱ्याने ती ४० मिनिटं कोण भरणार हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढच्या वेळी बाई ते बोलत नाही, एवढाच बदल होतो. इथे आधी शेजारणीशी जोडी लावली. एक दिवस हिने दोघींचा माल न्यायचा, दुसऱ्या दिवशी तिने, आणि घरी राहिलेल्या बाईने अव्वाकडे पाहायचं. दुसरीच्या नोंदीच्या पुस्तकावर माल जमा करता येईल का, हे कारखान्यात आधी विचारून घ्यावं लागलं, त्यात आठ दिवस गेले. तोवर मधला उपाय म्हणून गॅसचा रेग्युलेटर काढून उंचावर ठेवला, आतून लावायची मोरीची कडी काढून टाकली आणि कुलपाची दुसरी किल्ली शेजारी दिली. नवव्या दिवसापासून कुलूप लागलं नाही.

तासांचा कागद

मदत मागायला निघण्याआधी दोघं नवरा-बायको वहीचं एक पान घेऊन बसले. अव्वा पहाटे सहा ते रात्री दहा जागी, म्हणजे आठवड्याचे ११२ तास. मुलगा सहा दिवस बारा-बारा तास बाहेर, ७२ तास. नात सहाला क्लासवरून येते आणि आठपर्यंत आजीजवळ बसते, १२ तास. राहिले ६०. हे साठ तास सून एकटी असते, आणि याच साठ तासांत तिला विड्याही वळायच्या असतात, धुणी, भांडी, भाकरीही.

साठच्या साठ तास भरायचा विचार केला तर हात-पाय गळतात. म्हणून या साठांतले सगळ्यांत वाईट कोणते, ते शोधलं. आठवडाभर वहीत टिपलं : वेळ, अव्वा काय करत होती, आधी काय घडलं, कशाने शांत झाली. आठ दिवसांत चित्र दिसलं. सकाळ बरी जाते. दुपारी जेवून डुलकी. चार ते सहा मात्र कडी, पिशवी, कारखाना. स्मृतिभ्रंशात दिवस कलताना बेचैनी वाढणं नेहमीचं आहे. थकवा, उतरणारा उजेड, भूक आणि लघवीची भावना, पण ती सांगता न येणं, असं सगळं त्यात मिसळलेलं असतं. अव्वाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. तीस वर्षं त्या वेळेला तिच्या अंगात कामाची घाई असायची. सहा दिवसांचे दोन-दोन तास, बारा तास. मागायचे ते एवढेच.

"कुणीतरी मदत करा" याला माणसं होकार देतात आणि येत नाहीत. "मंगळवारी चार ते सहा बसशील का?" याला हो किंवा नाही, दोन्ही स्पष्ट मिळतात. नाही मिळालं तरी वेळ वाचतो.

काय फसलं

पहिला प्रयत्न नातेवाइकांचा. रविवारी सगळ्यांना घरी बोलावलं, चहा झाला, "काही लागलं तर सांगा" म्हणून सगळे उठले. कुणाच्या वाट्याला काय, हे ठरलंच नव्हतं. त्या बैठकीतून हाती लागली एकच गोष्ट, लेकीने शनिवार घेतला.

दुसरा प्रयत्न समोरच्या काकूंचा. सुनेने "जरा लक्ष ठेवा" म्हटलं आणि ती दवाखान्यात गेली. काकूंनी टीव्ही लावून दिला. मालिकेत भांडण सुरू झालं, अव्वाला वाटलं घरातच कुणीतरी भांडतंय. काकू मराठीत समजावत राहिल्या, "अहो, तो टीव्ही आहे, खोटं आहे ते." पंचवीस मिनिटांत अव्वा रडत ओट्यावर, काकू घामाघूम. पुन्हा बोलावू नका, म्हणाल्या. चूक काकूंची नव्हती. त्यांच्या हाती माणूस दिला होता, माहिती दिली नव्हती.

तिसरा प्रयत्न ज्येष्ठ नागरिक संघाचा. माणसं चांगली, खोली हवेशीर, पण दीड तास मराठी व्याख्यान. अव्वा दहा मिनिटांत उठली. आजार सुरू होतानाच्या पायरीवर, वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांना असा संघ फार उपयोगी पडतो, इथे नाही पडला. तरी फेरी वाया गेली नाही. तिथल्या एका निवृत्त परिचारिकेने घरी येऊन मोरीत आधाराची दांडी कुठे ठोकायची ते दाखवलं, आणि अर्ज भरण्यात मुरलेल्या एका गृहस्थांनी पुढची कागदपत्रं मार्गी लावली. संघाकडे बसायला जागा मागितली होती, मिळाली त्यांच्या सभासदांची हातोटी.

ओट्यावरची सुपं

जे चाललं ते गल्लीत आधीपासून होतंच. विडी वळणाऱ्या बायका पूर्वी एकत्र बसायच्या, हल्ली ज्याची त्याची दारं लोटलेली. सुनेने दोघींना विचारलं, दोघीही विडी कामगार, एक ६३ वर्षांची. आपापली सुपं घेऊन चार ते सहा आमच्या ओट्यावर बसाल का? मजुरी बुडत नव्हती, हात चालू राहणार होते, गप्पा फुकट. एकीने सोमवार-बुधवार घेतला, दुसरीने मंगळवार-शुक्रवार. आठ तास भरले. गुरुवारी देवळातलं भजन, दोन तास. शनिवारी लेक. बारा पूर्ण.

अव्वा त्यांच्यात बसली आणि तिचे हात आपोआप पानाकडे गेले. काल काय जेवलो हे विसरलेल्या माणसाचेही हात वर्षानुवर्षं केलेलं काम विसरत नाहीत, कारण हातांची सवय मेंदूत वेगळ्या वाटेने साठते आणि या आजारात ती उशिरा जाते. पण पहिल्याच आठवड्यात तिने चांगल्या पानांच्या दोन जुड्या वेड्यावाकड्या कापून ठेवल्या. पानांचं नुकसान शेजारणीच्या अंगावर. त्यावर वाद होऊन सगळं मोडलं असतं. मग ठरलं, अव्वाच्या सुपात फक्त छाटलेली आणि फाटकी पानं, बोथट टोकाची जुनी कात्री आणि ओल्या फडक्यात पानं गुंडाळून ठेवायचं काम. तंबाखू तिच्या सुपात नाही आणि हाताच्या अंतरावरही नाही. दुसऱ्याच दिवशी तिने चिमूट तोंडात टाकली होती. जुनी सवय, पण आता थुंकायचं लक्षात राहत नाही. छातीत धडधड, मळमळ, उलटी, असं सगळं त्यातून होऊ शकतं.

सहा वाजले की शेजारणी उठणार, हा नियम सुनेनेच पाळला. तिसऱ्या आठवड्यात "अजून जरा बसा ना" सुरू झालं होतं आणि ६३ वर्षांच्या बाईंनी एक दिवस दांडी मारली. मदत पातळ होत जाते ती अशीच, दोनाचे तीन तास, तीनाचे चार, आणि मग एकदम शून्य. परतफेडही ठरवून घेतली. नात त्यांच्या नातवाला आठवड्यातून दोनदा गणित शिकवते. उपकाराचं ओझं राहिलं की पुढच्या वेळी सून विचारायला कचरते. खरी गळती तिथे होते, शेजारणीकडे नाही.

हाती द्यायचा कागद

काकूंच्या प्रसंगानंतर एक अर्धा कागद तयार झाला. प्लास्टिकच्या पाकिटात घालून दाराच्या आत खिळ्याला लावलेला असतो. मजकूर असा :

"अव्वा तेलुगूत बोलली की तेलुगूतच बोला. येत नसेल तर हसा, हातवारे करा, मराठीत समजावू नका. साडेचारला चहा, कपभर, कोमट, दोन बिस्किटं बुडवून. पाच वाजता मोरीत घेऊन जा, विचारू नका, 'चला' म्हणा. कारखान्यात जायचं म्हणाली तर 'कारखाना बंद झाला, तू म्हातारी झालीस' असं म्हणू नका. 'आज माल उद्यावर आहे, चाय तागुदां' (चहा पिऊ या) म्हणा. नवरा कुठे विचारलं तर 'वारले' म्हणू नका, दर वेळी नव्याने रडते. 'मागावर आहेत' म्हणा. टीव्ही नको, रेडिओ चालेल. अचानक झोपाळू झाली, ताप आला, पडली, तर लगेच फोन." खाली दोन मोबाइल नंबर, ठळक.

नवरा मागावर आहे हे खोटं बोलणं झालं, यावर घरात दोन दिवस वाद झाला. मुलाला ते पटेना. इथे मत स्पष्ट असावं. जे वाक्य माणसाला दर वेळी नव्याने विधवा करतं, ते खरं असूनही उपयोगाचं नाही. मधली वाट आहे आणि ती जास्त चांगली : "त्यांची आठवण येते का? काय आवडायचं त्यांना खायला?" पण शेजारणीकडून दर वेळी तेवढी हुशारी मागता येत नाही, म्हणून कागदावर सोपं वाक्य.

हरवली तेव्हा

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस. संक्रांतीला होम मैदानाकडे लोटणाऱ्या गर्दीमुळे रिक्षांचे रस्ते बदललेले, गल्लीत पाहुणे, दार उघडं. साडेचारला अव्वा नाही.

घरच्यांनी आधी पाऊण तास स्वतःच शोधलं. हे चुकलं. पहिल्या दहा मिनिटांत घर, मोरी, गच्ची आणि शेजारची माग असलेली शेड पाहायची. नसेल तर लगेच ११२ आणि जवळचं पोलीस ठाणं. हरवल्याची तक्रार द्यायला २४ तास थांबायचा कसलाही नियम नाही. थांबायला सांगितलं तर वरिष्ठ अधिकाऱ्याला भेटावं. मोबाइलमध्ये गेल्या महिन्यातला चेहऱ्याचा आणि पूर्ण उभा असे दोन फोटो हवेत. घरच्यांकडे लग्नातला सहा वर्षांपूर्वीचा फोटो होता, दागिन्यांसकट, ओळखू न येणारा. शोधायला जाताना जुनी दिशा धरावी. माणूस भरकटतो तो बहुधा कधीकाळी पायाखालच्या असलेल्या वाटेने. अव्वा कारखान्याच्या जुन्या वाटेवर, कन्ना चौकाकडे निघालेली सापडली. तिला ओळखणाऱ्या एका रिक्षावाल्याने थांबवून ठेवलं होतं.

त्यानंतर चार ठिकाणी बोलणी झाली. कोपऱ्यावरचं किराणा दुकान, चहाची गाडी, रिक्षा थांबा, शिंप्याचं दुकान. प्रत्येकाला मोबाइलवर फोटो दाखवला, छापून भिंतीवर लावला नाही. गल्लीभर बोभाटा करण्याची गरज नाही, आणि एकटी म्हातारी बाई कोणतं घर, हे अनोळखी माणसाला कळायलाही नको. काम एवढंच सांगितलं. मागून धरू नका, समोर या, "कूसो अव्वा" म्हणत बसवा, चहा द्या, फोन करा. चहाचे पैसे महिन्याला देतो. चहावाल्याने सात महिन्यांत दोनदा फोन केला, पैसे घेतले नाहीत.

हातात स्टीलचं कडं घातलं, त्यावर दोन मोबाइल नंबर कोरून. नाव-पत्ता नाही. गळ्यातलं ओळखपत्र तिने पहिल्याच तासात काढून फेकलं होतं, कडं मात्र दागिना म्हणून राहिलं. शिवाय परकराच्या नाडीजवळ आतून शिवलेली कापडी पट्टी, पक्क्या शाईने तेच नंबर. धुण्यात शाई फिकी होते, म्हणून दर दोन महिन्यांनी पाहायची.

चार घरांचा गट

सुनेला सगळ्यांत जास्त बळ शेजारणींकडून आलं नाही, आलं ते दुसऱ्या तशाच सुनेकडून. सिव्हिलमधल्या समुपदेशकाला विचारलं, अशी आणखी घरं असतील तर आमचा नंबर त्यांना द्याल का? प्रश्नाची दिशा महत्त्वाची आहे. दुसऱ्यांचा नंबर मागितला तर दवाखाना देणार नाही, आणि देऊही नये. आपला ठेवून आलं की ज्याला हवं तो फोन करतो. दीड महिन्यात तीन फोन आले. चार घरं झाली. एक कन्नड बोलणारं, एक जुळे सोलापुरातलं, एक होटगी रोडचं.

फोनवर आणि व्हिडिओवर चालणारे आधारगट आहेत, चांगलेही आहेत. भारतात १९९२ पासून अल्झायमरसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, जागतिक आरोग्य संघटनेचा काळजीवाहकांसाठी 'आयसपोर्ट' नावाचा अभ्यासक्रमही आहे. पण सकाळी अकराची व्हिडिओ बैठक म्हणजे विड्यांचा तास, घरातला स्मार्टफोन एकच, तोही नवऱ्याबरोबर मागावर. त्यामुळे चौघांनी ओपीडीचा एकच वार धरला. तपासणीला सगळ्यांना यायचंच असतं. नंबर लागेपर्यंत आवारात पाऊण तास. तीन नियम ठरले. एका वेळी एकाच घराची अडचण. कुणाच्या माणसाचा फोटो ग्रुपवर नाही. आणि तेल, चूर्ण, स्मरणशक्तीची बाटली विकायची नाही. तिसरा नियम दुसऱ्याच बैठकीत लागू करावा लागला.

रात्री एकटं पडल्यावर बोलायला १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, चोवीस तास, मराठीतही. सुनेने तो एकदा वापरला, रात्री दोनला. त्या दिवशी तिने अव्वावर हात उगारला होता. हे तिने गटात सांगितलं तेव्हा उरलेल्या तिघींपैकी दोघी खाली बघू लागल्या. त्यानंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी अव्वाऐवजी आधी सुनेचा रक्तदाब घेतला. वाढलेला होता. काळजी घेणाऱ्या माणसाचा वेगळा केसपेपर काढायचा असतो, हे कुठेही लिहिलेलं नसतं.

कागदपत्रं

अव्वाची भविष्य निर्वाह निधीची छोटी पेन्शन आहे. दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. तीस वर्षं पानं आणि कात्री हाताळून बोटांचे ठसे पुसटलेले, यंत्र तीनदा "जुळत नाही" म्हणालं आणि पेन्शन दोन महिने अडकली. चेहरा ओळखून मोबाइलवरूनच दाखला देण्याची सोय जीवनप्रमाण या सरकारी सेवेत आहे, ती वापरली. सकाळी दहाला, चहानंतर, खिडकीसमोर. संध्याकाळी प्रयत्न केला तेव्हा ती डोळे स्थिर ठेवेना. या पेन्शनचा दाखला नोव्हेंबरातच द्यावा लागत नाही, दिल्यापासून बारा महिने चालतो. म्हणून तब्येत बरी असेल तो महिना धरावा.

बँकेचं खातं एकटीच्या नावावर होतं. अव्वाला व्यवहार कळतोय तोवर, डॉक्टरांकडून तशी लेखी नोंद घेऊन, मुलाचं नाव जोडलं आणि वारस नोंदवला. कुलमुखत्यारपत्र करून ठेवू, असा सल्ला गल्लीत सर्रास मिळतो. आपल्याकडे तो अर्धवट आहे. पत्र देणाऱ्याची समज गेली की कायद्याने ते मुखत्यारपणही संपतं, म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हा कागद हातातून जातो. इच्छापत्रही समज असतानाच.

७० वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्न न पाहता मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. ते दाखल होण्यासाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी किंवा सांभाळायला बाई ठेवण्यासाठी नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे एकरकमी ३००० रुपये कमोड खुर्चीसाठी उपयोगी पडले. वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत, आणि खातं आधारशी जोडलेलं हवं. कोणत्या कार्यालयात जायचं कळेना तेव्हा १४५६७ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारलं. सकाळी आठ ते रात्री आठ.

मे महिना

उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, नळाला पाणी काही दिवसांआड. घरात पाणी जपून वापरायची सवय, आणि अव्वाला तहान लागल्याचं कळत नाही. एका रात्रीत ती भिंतीवर माणसं पाहू लागली, दिवसा उठवूनही उठेना. गल्लीचं मत, "रोग वाढला." स्मृतिभ्रंश एका रात्रीत वाढत नाही. तासांत किंवा दोन-तीन दिवसांत बिघडलं तर कारण दुसरं असतं : लघवीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, नवं औषध, पडणं. लगेच दवाखाना. इथे लघवीत संसर्ग निघाला. सलाइन आणि प्रतिजैविकं देऊन पाच दिवसांत ती बरीचशी पूर्ववत झाली. मधल्या रात्री शांत करायची गोळी मागण्याचा मोह घरच्यांना झाला होता. अशा काही गोळ्यांनी स्मृतिभ्रंशात पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, त्यामुळे डॉक्टर त्या अगदी निकडीला, कमी दिवस देतात. तेव्हापासून ओट्यावर दर तासाला अर्धा पेला पाणी किंवा ताक. पेल्याची खूण खडूने भिंतीवर, दिवसाला बारा रेघा. शेजारणी रेघ ओढायला विसरत नाहीत, कारण अव्वाच खडू हातात घेऊन मागे लागते.

सात महिन्यांनी

बारा तासांपैकी दहा टिकले आहेत. भजनाचा गुरुवार गेला. झांजांचा आवाज अव्वाला सोसेनासा झाला, कान दाबून घेते. हजार विड्या आठवड्यातून चार-पाच दिवस पूर्ण होतात. रात्री अव्वा दोनदा उठते, एका वेळी मुलगा उठतो, हे नवं आहे. सोमवार-बुधवारच्या बाई घर बदलून कुंभारीला जायच्या बेतात आहेत आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये नातीची बोर्डाची परीक्षा. सुनेने वहीचं नवं पान काढलंय. वर "चार ते सहा", खाली सहा वार, त्यातले तीन रिकामे. त्यांतल्या एकापुढे पेन्सिलीने काकूंचं घर लिहिलंय, त्यांना या वेळी आधी कागद वाचायला दिलाय.